एक्झॉस्ट निवडताना आधी उष्णतेची वाट शोधा

फेब्रुवारी 2017 मध्ये लॅम्बोर्गिनीने जगभरातल्या सुमारे 5,900 अव्हेंटाडोर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष पेट्रोलच्या वाफा सांभाळणाऱ्या यंत्रणेत होता. टाकी काठोकाठ भरलेली असताना गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन जोरात रेस केलं, तर त्या वाफा गरम वायूंपर्यंत पोचून आग लागण्याची शक्यता होती. कंपनीने अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याला जे कळवलं, त्यात आणखी एक मुद्दा होता: कंपनीची मान्यता नसलेला बाहेरचा एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची जोडणी) बसवला असेल, तर हा धोका वाढतो.

स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदलायला निघालेल्या प्रत्येकाने हा मुद्दा वाचायला हवा. आपण दुकानात गेलो की आधी फायरिंग, म्हणजे आवाज, कसं येईल ते विचारतो, मग किती हॉर्सपॉवर वाढेल, मग किंमत. उष्णतेचा विषय निघतो तो गाडीतून जळका वास यायला लागल्यावर. माझ्या मते क्रम उलटा हवा. एक्झॉस्ट ही सर्वात आधी उष्णता बाहेर काढायची वाट आहे. त्या वाटेची जागा, जाडी किंवा धातू बदलला की उष्णता नव्या ठिकाणी जाते, आणि ते ठिकाण कोणतं हे नळी विकत घेण्यापूर्वी माहीत असलं पाहिजे.

किती उष्णता? पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायला मिळते. साधारण तेवढीच कूलंट आणि रेडिएटरमार्फत जाते आणि तेवढीच एक्झॉस्टमधून. म्हणजे 400 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असेल, तर 300 किलोवॅटच्या आसपास उष्णता त्या नळ्यांतून वाहत असते. रस्त्यावर इतका जोर काही सेकंदच लागतो. ट्रॅकवर किंवा लांबलचक चढाच्या घाटात तो मिनिटांवर जातो, आणि तिथेच सगळे प्रश्न उघडे पडतात.

पूर्ण जोरात एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारा वायू 800 ते 950 अंश सेल्सिअस असतो. टर्बो गाड्यांत तो आणखी वर जाऊ शकतो. 2006 च्या पोर्शे 911 टर्बोत टर्बाइनची हलणारी पाती 1,000 अंश सोसणाऱ्या मिश्रधातूची करावी लागली, ती यासाठीच. मागच्या टोकाला पोचेपर्यंत वायूचे कित्येकशे अंश कमी झालेले असतात. ती उष्णता नळीच्या पत्र्याने घेतलेली असते आणि पत्र्याने ती शेजारच्या वायरींना, रबराला, प्लॅस्टिकला आणि तुमच्या पायाखालच्या फ्लोअरला दिलेली असते.

इथे भौतिकशास्त्राचा एक नियम उपयोगी पडतो. तापलेली वस्तू किरणांनी जी उष्णता फेकते, ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. नळी 300 अंशांवरून 600 अंशांवर गेली तर आकडा दुप्पट दिसतो, पण ती शेजाऱ्यांवर फेकत असलेली उष्णता जवळपास साडेपाच पट होते. म्हणून मागच्या बंपरखालचा सायलेन्सर बदलणं आणि इंजिनाला चिकटलेला हेडर, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा गुच्छ, बदलणं ही एकाच जातीची कामं नाहीत. पहिल्यात फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात गाडीच्या सगळ्यात तापट भागाला हात घातलेला असतो.

कॉर्व्हेटचं उदाहरण

1997 ते 2004 या काळात शेवरोलेने बनवलेली कॉर्व्हेट सी5 हे या विषयाचं उत्तम उदाहरण आहे. पुढे 5.7 लिटरचं व्ही8, गिअरबॉक्स मात्र मागे, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला जोडलेला. दोघांना जोडणारी लांब नळी गाडीच्या मधोमध बोगद्यातून जाते. बोगद्याच्या तळाला बोल्टने कसलेलं पत्र्याचं झाकण असतं आणि एक्झॉस्टच्या दोन्ही नळ्या त्या झाकणाखालून मागे जातात. साहजिकच, काही न बदललेल्या गाडीतही लांबच्या प्रवासात दोन सीटमधला कन्सोल गरम होतो.

या गाडीवरचा लोकप्रिय बदल म्हणजे लाँग-ट्यूब हेडर. हेडरच्या जागी कंपनीने दिलेला मूळ मॅनिफोल्ड आखूड असतो आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) त्याच्या लगेच मागे असतात. लाँग-ट्यूबमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते, एकेका बाजूच्या चारही नळ्या खाली एकत्र येतात आणि कॅट आणखी मागे, फ्लोअरखाली सरकतो. ताकद वाढते हे खरं. एका सिलिंडरचा दाब बाहेर पडताना मागे जी पोकळी सोडतो, ती पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घ्यायला मदत करते, आणि लांब नळ्यांमुळे हा मेळ कामाच्या आरपीएमवर बसतो. पण गाडीखालच्या तापट पट्ट्याची लांबी त्यासोबत वाढते. पातळ पत्र्याच्या आठ नळ्या मूळ मॅनिफोल्डपेक्षा कितीतरी जास्त पृष्ठभागातून उष्णता फेकतात. कॅट लांब गेल्यामुळे तो कामाच्या तापमानाला, म्हणजे साधारण 250 ते 300 अंशांना, उशिरा पोचतो. तोवर धूर जवळजवळ न शुद्ध होताच बाहेर पडतो. मग बोगद्याच्या झाकणाला आतून उष्णतारोधक थर लावणं, स्टार्टरच्या वायरीवर कवच चढवणं, स्पार्क प्लगच्या बुटांना (रबरी टोप्यांना) उष्णतारोधक मोजे घालणं ही कामं ओघाने येतात. हेडरचा खर्च मोजताना हा खर्च सुरुवातीलाच धरायला हवा. तो धरलेलं एस्टिमेट फार कमी वेळा पाहायला मिळतं.

ताकदीबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. इंजिनाला बॅकप्रेशर लागतं असं गॅरेजमध्ये सर्रास सांगितलं जातं. इंजिनाला मागचा दाब कधीच नको असतो, त्याला हवा असतो वायूचा वेग. गरजेपेक्षा मोठ्या व्यासाची नळी टाकली की वायू मंदावतो, लवकर थंड होतो, ओढून घेण्याचा परिणाम विरतो आणि खालच्या आरपीएमचा पिकअप पडतो. पिकअप पडलेला दिसल्यावर लोक दोष दाब कमी झाल्याला देतात. जिथे बाकी सगळं मूळचंच आहे, तिथे नळी मूळ मापापेक्षा फार मोठी करण्यात काहीच मिळत नाही.

फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर आवाज बदलतो, ताकद जवळजवळ नाही. कॅटच्या मागचं सगळं बदललं तर थोडी ताकद आणि बराच आवाज. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी कॅटच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, हात घालू नका असंच सांगेन. कॅट काढून टाकण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये. धूर विषारी होतो, केबिनमध्ये वास येतो आणि कॅटचं काम तपासणाऱ्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे चेक लाइट लागतो. तो दिवा विझवण्यासाठी मग सॉफ्टवेअरमध्ये खोटेपणा करावा लागतो.

आवाज आणि घुमारा

आवाजाची निवड करताना लोक इंटरनेटवरचे व्हिडिओ ऐकतात. त्यात गाडी उभी असते किंवा फुल थ्रॉटलवर जाते. तुमचा बहुतेक वेळ मात्र हायवेवर एका वेगात जाणार, आणि खरा त्रास तिथे होतो: कानात दडे बसवणारा एकसुरी घुमारा. त्याचं गणित सोपं आहे. व्ही8 मध्ये प्रत्येक फेरीला चार स्फोट होतात. सी5 सहाव्या गिअरला ताशी 100-110 किलोमीटरवर साधारण 1,500 आरपीएमला चालते, म्हणजे सेकंदाला 25 फेऱ्या आणि 100 स्फोट. हा झाला 100 हर्ट्झचा सूर. चार सिलिंडरच्या गाडीत तोच सूर 3,000 आरपीएमला येतो. केबिनमधल्या हवेला आणि पत्र्यांना हे खर्जातले सूर नेमके मानवतात आणि सगळी गाडी घुमायला लागते.

चांगले निर्माते यावर नळीला एका बाजूने बंद असलेली शाखा जोडतात. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या चौथाई ठेवली की आत जाऊन परतणारी लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी पडते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. 350 अंशांच्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 490 मीटर असतो. त्या हिशेबाने 100 हर्ट्झसाठी शाखा सव्वा मीटरच्या जवळ लागते. इतकी लांब नळी गाडीखाली बसवायला जागा लागते, म्हणून स्वस्त संचात ती नसते. विकत घेताना ही शाखा आहे का, नसेल तर घुमारा कशाने मारला आहे, हे विचारा.

सायलेन्सरचे मुख्य प्रकार दोन. एकात आतल्या कप्प्यांवर आपटून लाटा एकमेकींना मारतात. दुसऱ्यात भोकं पाडलेल्या सरळ नळीभोवती काचेचा किंवा बसाल्टचा लोकर भरलेला असतो. तो आवाज शोषतो आणि त्याच वेळी सायलेन्सरची बाहेरची कातडी थोडी थंड ठेवतो. हा लोकर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने झिजतो, उडून जातो. मग आवाज वाढतो आणि कवचही जास्त तापायला लागतं. म्हणून उघडून पुन्हा भरता येणारा सायलेन्सर घेतलेला बरा.

धातू आणि त्याचं फुगणं

कंपन्यांच्या मूळ नळ्या बहुधा 409 जातीच्या स्टेनलेसच्या असतात. त्यात क्रोमियम 11 टक्क्यांच्या आसपास असतं. ते स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण वरून तांबूस गंजतं. बाहेरचे चांगले संच 304 मध्ये येतात: 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. टर्बोच्या अगदी जवळ 321 जातीचं स्टेनलेस किंवा इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू लागतो. टायटॅनियमचं वजन त्याच आकारमानाच्या पोलादाच्या तुलनेत साठ टक्क्यांहून कमी असतं. 2001 च्या कॉर्व्हेट झी06 मध्ये टायटॅनियमचे सायलेन्सर आणि शेवटच्या नळ्या आल्या आणि गाडीच्या मागच्या टोकाचं सुमारे 8 किलो वजन उतरलं. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीवर टायटॅनियम एक्झॉस्ट येण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी तो मागच्या, थंड भागातच वापरला हे लक्षात घ्या. शुद्ध टायटॅनियम फार तापलं की हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं.

नळीवर उमटणारे रंग सुंदर दिसतात आणि ते उपयोगीही आहेत. 304 स्टेनलेसवर फिकट पिवळी छटा 300 अंशांच्या आसपास येते, निळा रंग 500 च्या वर. गाडीखाली वाकून पाहिलं तर कोणता भाग किती तापला होता त्याची नोंद धातूनेच ठेवलेली असते.

आता धातूचं फुगणं. 304 ची एक मीटर नळी 500 अंशांनी तापली की साडेआठ मिलिमीटर लांब होते. पूर्ण गाडीची लांबी धरली तर टोक दोन-अडीच सेंटीमीटर मागे सरकू शकतं. गार गाडीवर छान मापात बसवलेली नळी त्यामुळे तापल्यावर बंपरला टेकते, सबफ्रेमवर (गाडीखालच्या चौकटीवर) ठोकते किंवा हेडरच्या फ्लँजला, म्हणजे बोल्टने कसायच्या जाड कडेला, चीर पाडते. सरकता सांधा, लवचीक जाळीदार तुकडा आणि योग्य कडकपणाचे हँगर रबर हवेत ते यासाठी. कडक आणि खडखडाट न करणाऱ्या फिटिंगच्या नादात सगळं जागच्या जागी वेल्ड करून टाकणारा कारागीर कितीही हुशार असला तरी त्याला थांबवा. इंजिनाजवळच्या चिरेतून येणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखता येत नाही.

गुंडाळायचं, लेपायचं की अडवायचं

उष्णता आवरायची पहिली युक्ती सगळ्यांना माहीत असते: हेडरला फायबरची पट्टी गुंडाळणं. आजूबाजूचं तापमान खरोखर कमी होतं. पण उष्णता आत कोंडल्याने नळीचा धातू स्वतः जास्त तापतो. पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते आणि साधं पोलाद तिच्याखाली झपाट्याने कुजतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत, चार महिने पाऊस झेलणाऱ्या गाडीवर मी पट्टी वापरणार नाही. तिच्यात तेल झिरपलं तर ती पेटतेसुद्धा. अनेक हेडर-निर्माते पट्टी दिसली की वॉरंटी नाकारतात. ट्रॅकवरच चालणाऱ्या आणि वरचेवर उघडल्या जाणाऱ्या गाडीत मात्र ती चालते.

सिरॅमिकचा लेप महाग पडतो, पण आतून-बाहेरून नीट दिला तर पाणी धरत नाही आणि किरणांनी फेकली जाणारी उष्णता कमी करतो. रस्त्यावरच्या गाडीला माझी पसंती लेप आणि जोडीला पत्र्याची ढाल. ढालीचं रहस्य पत्र्यात कमी आणि पत्र्यामागच्या हवेच्या फटीत जास्त असतं. एक-दोन सेंटीमीटरची मोकळी फट आणि तिच्यातून हवा वाहायला वाट, एवढं असलं की पातळ ॲल्युमिनियमसुद्धा भरपूर काम करतं. तीच ढाल नळीला टेकली की ती स्वतःच तवा बनते.

ढाल कशी बसवली आहे यालाही तितकंच महत्त्व आहे. 2010 मध्ये फेरारी 458 इटालियाच्या काही गाड्या जळाल्या. मागच्या चाकाच्या कमानीतली उष्णता-ढाल ज्या चिकटद्रव्याने लावली होती, ते तापून निकामी होत होतं आणि ढाल सरकून एक्झॉस्टजवळ जात होती. फेरारीने 1,200 हून अधिक गाड्या परत बोलावून गोंदाच्या जागी यांत्रिक जोड बसवले. इतक्या नामांकित कारखान्यात जर हे घडलं, तर गल्लीतल्या गॅरेजात चिकटपट्टीने लावलेली सोनेरी फॉइल किती भरवशाची असेल याचा विचार करा.

सोनेरी फॉइलचा उगम मात्र खरा आहे. मॅक्लारेन एफ1 च्या इंजिनखान्याला अस्सल सोन्याचा पातळ पत्रा लावला होता, कारण सोनं अवरक्त (इन्फ्रारेड) किरणं फार चांगली परतवतं. पोर्शेने 918 स्पायडरमध्ये वेगळीच वाट धरली: नळ्या इंजिनाच्या वरून थेट आकाशाकडे काढल्या. गरम वायू लांबचा प्रवास न करता बाहेर पडतो आणि हायब्रिड बॅटरी थंड राहते. ढाली लावत बसण्यापेक्षा वाटच आखूड करण्याची ही कल्पना मला फार आवडते.

उष्णता आवरण्याचा फायदा नुसता सुरक्षिततेचा नाही. इंजिन जी हवा ओढतं ती 10 अंशांनी तापली की तिची घनता सुमारे 3 टक्क्यांनी उतरते, आणि ताकदही जवळपास तशीच. एक्झॉस्टने वाढवलेले हॉर्सपॉवर तापलेल्या इंजिनखान्याने परत घेतल्याचं ट्रॅकवर नेहमी दिसतं.

थ्रॉटल सोडल्यावर फटफट फटाके वाजवणाऱ्या ट्यूनबद्दल (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधल्या बदलाबद्दल) मला स्पष्ट बोलायचं आहे. हा आवाज निघतो तो इग्निशन उशिरा करून आणि जास्तीचं पेट्रोल सोडून, म्हणजे सिलिंडरमध्ये जळायचं ते नळीत जाळून. त्याने वायूचं तापमान वाढतं, उरलेलं पेट्रोल कॅटमध्ये पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू किंवा तुटू शकते. ती तुटून अडकली की उष्णतेची वाटच बंद. असा ट्यून रस्त्यावरच्या गाडीत नकोच.

कायदा

युरोपात बदली सायलेन्सरला संयुक्त राष्ट्रांच्या नियम 59 नुसार मान्यता लागते आणि तिचा शिक्का सायलेन्सरवरच असतो. कॅलिफोर्नियात गाडीच्या आवाजाची मर्यादा 95 डेसिबल आहे आणि कॅट किंवा हेडर बदलायचा तर राज्याच्या हवा मंडळाचा परवाना क्रमांक असलेलाच घ्यावा लागतो. आपल्याकडे वाट अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांपासून दूर जाणारे बदल मना करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. आवाज आणि धुराची मर्यादा मोडल्यास कलम 190 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर तीन महिने बंदी येऊ शकते. बॉक्सवर युरोपचा शिक्का आहे म्हणून पुण्यातल्या चौकात सूट मिळत नाही. गाडीच्या कंपनीचाच स्पोर्ट एक्झॉस्ट त्या मॉडेलच्या मान्यतेत समाविष्ट असेल तर तो घ्या. बाकीचं ट्रॅकवर नेण्याच्या गाडीसाठी ठेवा.

बसवल्यानंतर

बसवून झाल्यावर मोजमाप करा. अवरक्त थर्मामीटर चकाकत्या स्टेनलेसवर फसवा, कमी आकडा दाखवतो. उष्णता सोसणाऱ्या काळ्या, चमक नसलेल्या रंगाचा ठिपका मारून त्यावर नेम धरला की आकडा खरा येतो. त्याहून उपयोगी म्हणजे ठराविक तापमानाला कायमचे काळे पडणारे स्टिकर. ब्रेकची नळी, वायरींचा जुडगा, सीव्ही जॉइंटचं (चाकाकडे ताकद नेणाऱ्या सांध्याचं) रबर आणि बंपरची आतली बाजू इथे ते लावा आणि एक जोरदार फेरी मारून या. साध्या वायरींचं पीव्हीसी आवरण 80 ते 105 अंशांसाठी बनवलेलं असतं. त्याच्याजवळचा स्टिकर 100 च्या पुढे काळा पडला असेल, तर तिथे ढाल हवी किंवा वायर हलवायला हवी. पहिल्या काही तापण्या-निवण्यांनंतर फ्लँजचे बोल्ट थोडे सैल पडतात. ते गार गाडीवर पुन्हा कसून घ्या.

गाडी थांबवतानाही काळजी घ्या. धावताना खालून वारा वाहत असतो. थांबल्याबरोबर तो बंद होतो आणि नळ्यांत साठलेली उष्णता वर चढते, त्यामुळे इंजिनखान्याचं तापमान थांबल्यावर काही मिनिटं वाढतच राहतं. जोरात चालवल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या, टर्बो असेल तर हे नक्की पाळा. इंजिन बंद केल्यावर पंखा फिरत असेल तर तो थांबेपर्यंत कव्हर घालू नका. आणि मार्च-एप्रिलमध्ये घाटमाथ्यावर फोटो काढायला थांबाल, तेव्हा वाळलेल्या गवतावर गाडी अजिबात उभी करू नका. कॅटचं बाहेरचं कवच ते गवत पेटवण्याइतकं तापलेलं असू शकतं.